सत्तेचाळीस नंबरची काच

एकतीस. मोजणीचं यंत्र खाली ठेवलं, डोळे पुसले आणि शंभर पेशी पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. या खेपेला तेहेतीस आल्या.

काच माझ्याच रक्ताची होती. रक्ताच्या काचेवर आम्ही एक जांभळा रंग ओततो, म्हणजे पेशी दिसायला लागतात. त्या रंगाची नवी बाटली फोडली की पहिली काच स्वतःच्या बोटाला टोचून करायची, रंग नीट चढला का बघायचं आणि काच फेकून द्यायची, अशी आमच्या लॅबची रीत होती. पेशंटचं रक्त रंगाच्या परीक्षेत कशाला वाया घालवायचं? अकरा वर्षांत मी स्वतःला पन्नासेक वेळा टोचलं असेल, पण स्वतःच्या पेशी कधी मोजल्या नव्हत्या. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात बघितलं तर जिथं तिथं नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी. इओसिनोफिल म्हणतात त्यांना. धडधाकट माणसात शंभरात दोन-चार, फार तर सहा. दोष रंगाचा असेल म्हणून एका पेशंटची काच त्याच रंगात काढली. तिच्यात दोनच होत्या. रंग उत्तम होता.

मी काच फेकून दिली नाही.

एकोणीसशे सत्त्याण्णवचा एप्रिल. जयसिंगपूर एप्रिलमध्ये कसं तापतं ते तिथं राहिलेल्यांना सांगायला नको. तशा उन्हात मी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून कामाला जात होते. आठ महिन्यांपासून कोपरांच्या खोबणीत, मानेवर, गुडघ्यांच्या मागं चट्टे उठले होते. खाजवून खाजवून कातडं जाड आणि काळं पडलं होतं. सासूबाईंचं निदान उष्णतेचं होतं, उपाय कडुलिंबाच्या पाण्याचा. माझं निदान काहीच नव्हतं, कारण मी ते करायचंच टाळत होते. एकदा एका बाईंचं रक्त काढताना बाही सरकली, तर त्यांनी हात मागं घेतला आणि विचारलं, "दुसरं कोणी नाही का इथं?" तेव्हापासून पूर्ण बाह्या. आपलं ठेवायचं झाकून, दुसरं काय!

आणि एक भीती मनात आधीपासून होती. आदल्या वर्षी एक तरुण शिक्षक असाच खाजवत आमच्याकडे आला होता. घाम आहे, उष्णता आहे, असं सगळे म्हणाले. त्याची काच मीच पहिल्यांदा बघितली होती. रक्ताचा कॅन्सर निघाला आणि पाच महिन्यांत माणूस गेला. विम्यासाठी जुना रिपोर्ट मागायला त्याची बायको आली होती, तिच्या हातात रिपोर्ट मीच दिला. मला खाज सुटली की तो आठवायचा. म्हणजे दिवसातून शंभरदा.

डॉक्टरांना सरळ विचारायचं होतं, हे आज कुणीही सांगेल. डॉक्टर उपाध्ये लॅबच्या वरच राहायचे, रागीट पण सरळ माणूस. त्यांच्या पोटात गोष्ट राहायची. त्यांच्या बायकोच्या राहायची नाही, आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, त्या माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसायच्या. हे झालं सांगण्यासारखं कारण. खरं कारण वेगळंच होतं. "पद्मा, तुला कॅन्सर आहे," हे वाक्य माझ्या तोंडावर ऐकायचं धाडस माझ्यात नव्हतं. मला उत्तर हवं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर हवं होतं.

डॉक्टर रोज चारला खाली उतरत आणि शंकेच्या काचा बघत. ज्या काचा मला साध्या वाटायच्या त्या त्यांच्यापर्यंत जातच नसत. त्या दिवशी सत्तेचाळीस नंबर होता आक्काताई खोतांचा. चिंचगावच्या, चाळिशीच्या. अशक्तपणा आणि दम लागतो म्हणून आलेल्या. सकाळी मीच त्यांचं रक्त काढलं होतं, हिमोग्लोबिन करून फॉर्मवर लिहिलं होतं. मी कोरणीच्या पेन्सिलीनं माझ्या काचेवर सत्तेचाळीस कोरलं. माझ्या एकूण पांढऱ्या पेशीही मोजल्या आणि तो आकडा त्यांच्या फॉर्मवर मांडला. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचं, लगेच "सर, नंबरात घोटाळा झाला" म्हणून काच मागं घ्यायची आणि आक्काताईंची खरी काच लावून रिपोर्ट करून टाकायचा. पाच मिनिटांचं काम. कुणाला काही कळणार नाही, कुणाचं काही बिघडणार नाही.

डॉक्टरांनी काच बघितली. बराच वेळ बघितली.

"पद्मा, हे सत्तेचाळीस कोण?"

"चिंचगावच्या आहेत, सर. खोत म्हणून."

"तक्रार काय?"

"अशक्तपणा. दम लागतो."

"अंगावर काही उठलंय? खाज? पित्त उठतं का? लहानपणापासून दमा वगैरे?"

बाहीच्या आत माझं कोपर पेटलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांची नजर माझ्या बाह्यांवर आली असती, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

"नाही, सर. तसं काही नाही."

"मग हे चांगलं नाही." त्यांनी फॉर्म पुढं ओढला. "हिमोग्लोबिन इतकं खाली, पांढऱ्या पेशी एकोणीस हजार, त्यात या एकतीस टक्के. हाडातला मगज तपासायला हवा."

"काय असेल, सर?"

"नाही असं ठरेपर्यंत रक्ताचा कॅन्सर धरूनच चालायचं."

नंबरात घोटाळा झाला असं म्हणायची हीच वेळ होती. वाक्य पाठ होतं. पण कानात नुसतं घूं वाजत होतं, आणि त्यातून एकच विचार येत होता की माझी लेक चंदना अजून चौथीत आहे. तेवढ्यात डॉक्टर उठले आणि पडदा सारून त्यांनी व्हरांड्यात हाक मारली, "खोतांचं कोण आहे?"

कुणी असेल हे माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हशींच्या धारा आहेत म्हणून आक्काताई दुपारच्याच गाडीनं परत गेल्या होत्या, पण रिपोर्ट घेऊन जायला त्यांचे यजमान थांबले होते. नेमगोंडा खोत. उंच, रुंद, डोक्यावर गांधी टोपी, हातात चंची. ते आत आले आणि डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. उद्याच मिरजेला न्या. उशीर नको. मोठा आजार असू शकतो.

"मोठा म्हंजे?"

डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला.

नेमगोंडा टोपी काढून हातात धरून उभे राहिले. "जगंल का ओ ती?"

"आत्ता काहीच सांगत नाही. आधी तपासणी होऊ दे."

ते माझ्याकडे वळले. "बाई, सकाळी तुमीच काडलासा न्हवं रगात? काळं हुतं काय?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी टोपीत घातली, टोपी डोक्यावर चढवली आणि उंबऱ्याला ठेच लागली तरी न थांबता ते गेले. मी त्यांच्या मागं धावायला हवं होतं. मी धुवायच्या काचा मोजत बसले.

घरी दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. माझे यजमान श्रीधर कारखान्यातल्या बदल्यांविषयी काहीतरी सांगत होते. मी चंदनाची वेणी घालत होते आणि मनात हिशेब चालला होता, पाच महिने म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबरात तिची सहामाही. सासूबाई तिला नीट वेणी घालतील, पण गणित कोण घेणार? तिनं विचारलं, "आई, केस का ओढतेस?" तेव्हा मी वेणी सोडून पहिल्यापासून घालायला घेतली. मला मरणाची इतकी भीती वाटते हे मला त्या दिवशी समजलं. तोवर मी स्वतःला धीराची समजत होते, रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट वाटत होते ना!

आणि या भीतीच्या पोटात दुसरी होती. चिंचगावात एक बाई माझं मरण उशाशी घेऊन पडली होती.

सकाळी सहाची एसटी पकडली. घरी सांगितलं, एका पेशंटचं रक्त काढायला जायचंय. वाटभर वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. ती बाई विहिरीत उडी मारून मोकळी झाली असेल, असंही एकदा मनात आलं आणि मी गाडीत बसल्या बसल्या णमोकार मंत्र म्हणायला लागले.

खोतांच्या दारात चार-पाच माणसं उभी होती. ती बघून मी वाटेतच थांबले. पण रडारड नव्हती. गोठ्यात नेमगोंडा म्हशीखाली बसले होते आणि त्यांना धार काढता येत नव्हती. म्हैस पाय झाडत होती, दूध तांब्यापेक्षा धोतरावर जास्त उडत होतं. चुलीपुढं म्हातारी सासू भाकरी थापत होती. आणि आक्काताई सोप्यात बाजेवर बसल्या होत्या. अंगावर एप्रिलमध्ये शाल, हातात कपभर चहा.

"अगंबाई, लाबमधल्या बाई!" त्या उठायला लागल्या.

"बस तू! उटू नगंस!" गोठ्यातून आवाज आला.

आक्काताई बसल्या. मी म्हणाले, मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचंय, तपासणीचं बोलणं आहे. माणसं सरकली. मी बाजेच्या कडेला टेकले आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरून सांगून टाकलं. ते रक्त तुमचं नाही. माझं आहे. मी काच बदलली. तुम्हाला तो आजार नाही.

त्यांना कळेना. मी बाह्या वर केल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून, घराबाहेरच्या कुणासमोर.

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझा हात आपल्या हातात घेतला. खरखरीत अंगठा त्या काळ्या कातड्यावरून फिरवला. मी हात ओढणार होते, त्यांनी सोडला नाही.

"लई खाजतंय?"

"हो."

"म्हंजे मराय झालंय ते तुमी व्हय?"

"बहुतेक." आणि मी रडायला लागले. ज्या बाईला घाबरवून ठेवलं तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. निर्लज्जपणाचा कळस. आक्काताई माझी पाठ थोपटत राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक ऐकशीला?"

"सांगा."

"हितं नगा सांगू ह्यास्नी. तितं, डॉक्टरांम्होरं सांगा."

"पण ते किती घाबरलेत, आक्काताई!"

"व्हय." त्यांनी गोठ्याकडं बघितलं. "काल सांजच्यापारनं तीनदा इचारलं, जेवलीस का म्हणून. चोवीस वर्सं झाली लग्नाला." मग शाल अंगाभोवती ओढून म्हणाल्या, "दुपारपतूर ऱ्हाऊ दे, बाई."

मला नाही म्हणता आलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? मिरजेला जायच्या आधी डॉक्टरांनी एकदा बोलावलंय, असं मी नेमगोंडांना सांगितलं. आणखी एक खोटं. गाडीत त्यांनी एका माणसाला उठवून बायकोला खिडकी दिली. स्टँडवर उतरल्यावर केळी घेतली, सोलून तिच्या हातात दिली. "दमानं चल," असं दर दहा पावलांवर म्हणत होते, आणि ती खरोखरच दमानं चालत होती, भिंतीला हात लावत. मला वाटलं, बाई नाटक छान करते. लाज वाटते आज, पण तसंच वाटलं.

त्यांना व्हरांड्यात बसवून मी डॉक्टरांना वरून खाली बोलावलं आणि आत नेऊन सांगितलं. ते असे ओरडले की वर त्यांच्या बायकोनं खिडकी उघडली.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं तुझ्या आकड्याखाली मी डोळे झाकून सही करतो!"

"मला काढून टाका, सर."

"ते मी बघतो. बाही वर कर."

मी केली. त्यांनी कोपर बघितलं, मान बघितली, दिव्याखाली नेऊन पुन्हा बघितलं. लहानपणी काय काय झालं ते विचारलं. शिंका? हो, रोज सकाळी. आईला दमा होता? होता. ताप, वजन कमी? नाही. मग ते खुर्चीत बसले.

"इसब आहे तुला. मोठ्या वयात उफाळलेलं इसब. इसबाच्या माणसाच्या रक्तात या पेशी वाढतातच, बऱ्याचदा वाढतात. कातडीचाच निरोप असतो तो. पोटातले जंतही बघू. ॲलर्जीची आयजीई म्हणून एक तपासणी पुण्याला पाठवू, ती वाढलेली आली तरी घाबरायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनाही दाखवू, पण मी काल तो शब्द बोललो तो एकट्या तुझ्या पेशींमुळं नाही."

"मग?"

"हिमोग्लोबिनमुळं. ते तिचं होतं. तुझ्या पेशी आणि तिचं हिमोग्लोबिन, दोघींची मिळून एक तिसरीच बाई केलीस तू. आणि खाज नाही असं सांगितलंस. ती तिसरी बाई मी काल मरायला लावली."

माझा पुण्याचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. दीडशेच्या आत हवं ते तीन हजार आठशे. एरवी असा आकडा बघून कुणी हादरलं असतं, मी त्याला नमस्कार केला. डॉक्टरांनी तीन महिने मला सुईला हात लावू दिला नाही, काढून मात्र टाकलं नाही. मलमानं कातडी निवत गेली. थंडीत अजूनही उठतं. आता मी अर्ध्या बाह्या घालते आणि कुणी विचारलं तर नाव सांगते. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मला एवढंच कळलं की मी मरणार नाही. आणि देवाशपथ सांगते, बाहेर बसलेल्या दोघांचा मला क्षणभर विसर पडला.

डॉक्टरांना पडला नाही. त्यांनी मला आक्काताईंची खरी काच लावायला सांगितली, बघितली, फॉर्म हातात घेतला आणि स्वतः बाहेर आले. नेमगोंडांसमोर हात जोडले.

"खोत, चूक आमची झाली. काच बदलली गेली. तुमच्या बायकोला तो आजार नाही."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी बदलली."

नेमगोंडा मला मारतील असं वाटलं. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. "न्हाई? न्हाई म्हंजे न्हाईच?" एवढा मोठा माणूस खाली बसला आणि टोपीत तोंड घालून रडला, मग हसला. "निखारा गिळून बसलो हुतो ओ कालधरनं!" मग डोळे पुसून म्हणाले, "मग हिला झालंय तरी काय?"

"रक्त फार कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "पाच पॉइंट आठ. बारा तरी हवं."

"एवडंच व्हय!" ते उभे राहिले, टोपी झटकली. "आवो, रगात बायकांचं कमीच असतंय. आमच्या आईचं कमी, भणीचं कमी. गूळ-शेंगा खाईल. चल गं, ऊठ. अकराची गाडी घावंल. म्हशीनं सकाळी मला दादच दिली न्हाई, कास भरून फुटाय आली आसंल."

आक्काताईंनी शाल काढली. तिची नीट चौघडी घातली. केळ्यांची पिशवी उचलली आणि बाकड्याचा कठडा धरून उठायला लागल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांचे ओठ पांढरे होते, नखं कागदासारखी होती, आणि काल सकाळी त्याच बोटाला मी टोचलं होतं. टोचलं, नळीत बघितलं, पाच पॉइंट आठ लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. अशा बायका आमच्याकडे रोज यायच्या. एकतीस पेशी बघून मी रात्रभर मेले होते, आणि हा आकडा लिहिताना माझ्या हाताला काही झालं नव्हतं. भिंत धरून चालणं नाटक नव्हतं. आम्हा दोघींत मरणाच्या जवळ कुणी असेल तर तीच होती, आणि तिच्यासाठी कुणीच घाबरलं नव्हतं, मीही नाही.

नेमगोंडा दारातून वळले. जाता जाता बोलावं तसं मला म्हणाले, "मग बाई, आता भ्याचं काय कारण न्हाई न्हवं?"

डॉक्टर बोलायच्या आत मी बोलले. नोकरी जाणार हे त्या वेळी धरूनच होते, त्यामुळं आवाज मोठा निघाला.

"आहे."

"आँ?"

"भ्या. काल भ्यालात तेवढंच भ्या. एवढ्याशा रक्तावर ही बाई पाच म्हशींच्या धारा काढते. एक दिवस गोठ्यातच पडेल आणि उठायची नाही. त्या आजाराला मिरजेला नेणार होता ना? याला पण न्या. आजच."

ते डॉक्टरांकडे बघायला लागले, की ही बाई खरं बोलते का खुळी आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, अजून रागानंच. मग फॉर्मवरच्या आकड्याकडे बघितलं.

"ती सांगते ते बरोबर आहे," ते म्हणाले. "रक्त चढवायला लागेल. चिठ्ठी देतो."

नेमगोंडांचा चेहरा पुन्हा कालच्यासारखा झाला. आक्काताई अर्ध्या उठल्या होत्या, त्या परत बाकड्यावर बसल्या.